लिपोवा पोयटा

गावं पुसली जातात, राज्यं पुसली जातात, पण मातीला एकदा दिलेलं नाव पृथ्वीच्या अंतापर्यंत टिकतं. हे वाक्य मी लिपोव्याच्या चर्चच्या तळघरात, रविवारच्या जेवणानंतर, अतिशय गंभीरपणे उच्चारलं. तोंडात कोलाच, म्हणजे खसखस भरलेला चेक गोड पाव होता, त्यामुळे ते जरा जास्तच भरीव वाटलं असावं. वाक्य खोटं होतं. त्याच महिन्यात आमच्या खात्याने मातीची चौदा नावं रद्द केली होती आणि त्यांतल्या दोन नावांवर लाल रेघ मी स्वतः मारली होती. पण पोटात भाजलेलं बदक गेलं की माणूस पृथ्वीच्या अंताबद्दल उदारपणे बोलतो.

तळघरात आम्हा दोघा पाहुण्यांखेरीज अकरा माणसं होती, म्हणजे अख्खं गाव होतं. दहा जणांनी माझं वाक्य ऐकलं आणि कोबी वाढून घेतला. अकरावी आल्बिना वोंद्रा. तिने काटा खाली ठेवला.

"कुठलंही नाव?" तिने विचारलं.

"जवळच्या ठिकाणाचं. आजवर कुणी न नोंदवलेली माती सापडली, तर जवळच्या गावाचं नाहीतर ओढ्याचं नाव तिला द्यायचं, अशी आमच्यात पद्धत आहे."

"आणि गाव नकाशावर नसलं तर?"

"कुठल्यातरी नकाशावर असलं की झालं."

"कुठल्या सालच्या?"

"साल कुणी विचारत नाही, मिसेस वोंद्रा."

"मग उद्या बोलू," ती म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी एक कोलाच ठेवला. हा जर्दाळूचा होता. खसखशीचे तिने पलीकडे सरकवले. माझं बोलणं स्वच्छ ऐकू यावं अशी तिची इच्छा असावी.

तिला नावाची एवढी का पडली होती, ते सांगायला हवं. आल्बिना अडुसष्ट वर्षांची होती आणि एकतीस वर्षं लिपोव्याची पोस्टमास्तर होती. सगळा गाव तिला टेटा म्हणायचा. त्यांच्या चेक बोलीत टेटा म्हणजे मावशी. एकोणीसशे बाहत्तरच्या वसंतात पोस्ट बंद झालं. पुढच्या वर्षी नेब्रास्का राज्याने रस्त्यांचा नवा नकाशा काढला, आणि त्यात लिपोवा नव्हतं. ज्या जागी असायचं तिथे क्रुगरव्हिल या लांबलचक नावाची शेवटची अक्षरं आरामात पाय पसरून बसली होती. क्रुगरव्हिल नैर्ऋत्येला चार मैलांवर. जर्मनांचं गाव, दोन बँका, एक रंगीत सिग्नल. लिपोव्याची माणसं चारचौघांत त्याचा उच्चार करताना चेहरा असा करत, की जणू दुधात माशी पडली आहे.

मी हॉलिस टर्नी, लॅथ्रप काउंटीच्या माती-पाहणीचा प्रमुख. माझ्या हाताखाली एकच माणूस होता, डेल्बर्ट क्विग, आणि तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा होता. काम सोपं होतं. सगळी काउंटी पायी चालायची, थोड्या थोड्या अंतरावर जमिनीत गिरमीट घालायचं, वर आलेली माती बोटांत चोळायची, कुठली ते ठरवायचं आणि विमानातून काढलेल्या फोटोंवर तिची हद्द आखायची. पाच वर्षं झाली होती, सहाव्या वर्षी संपवायचं होतं. बावीस प्रकारच्या माती निघाल्या आणि बावीसच्या बावीस आधीच दुसऱ्या कुठल्या तरी काउंटीत नोंदलेल्या. आमच्या धंद्यात प्रत्येकाला आयुष्यात एकदा नवी माती भेटावी असं वाटतं. डेल्बर्टला एकोणतीस वर्षांत भेटली नव्हती आणि येत्या एप्रिलमध्ये तो निवृत्त होणार होता.

बंद झालेल्या पोस्टाची खोली आमच्या खात्याने कचेरी म्हणून भाड्याने घेतली होती. भिंतीवर पत्रांचे खण तसेच होते, पंच्याऐंशी खण, प्रत्येकावर आल्बिनाच्या अक्षरात एकेका घराचं नाव. आम्ही त्यांत मातीचे नमुने ठेवायचो. त्यामुळे गेलेल्या, मेलेल्या, ओमाहाला जाऊन मोटारी विकणाऱ्या माणसांच्या नावाने रोज नवी नवी ढेकळं येत होती. आल्बिना सवयीने सकाळी आठला यायची, खणांकडे बघायची आणि म्हणायची, "क्राताखव्हिलांना आज बरंच आलंय."

टपालाच्या काउंटरवर आमचं एक छोटं यंत्र असे. दोन भिंगं, त्यांखाली एकाच जमिनीचे जरा सरकून काढलेले दोन फोटो. डोळे लावले की आधी काही दिसत नाही, करड्या शाईचे डाग नुसते. मग डोळे सैल पडतात, मन जरा भलतीकडे जातं, आणि एकदम टेकड्या उठतात. कागदातून वर येतात, अगदी पापणीपर्यंत. ओढे खोल जातात, झाडं उभी राहतात, आणि आपण एखाद्या घारीच्या झोपेत शिरल्यासारखे वर तरंगत राहतो. मी कितीतरी दुपारी असा तरंगलो आहे. डोकं वर काढलं की खिडकीबाहेरच्या खऱ्या टेकड्या त्यापुढे चपट्या वाटायच्या. सरकार याचा पगार देत होतं.

सोमवारी आठ वाजता आल्बिना आली, पण खणांकडे तिने बघितलंच नाही.

"अहो मातीवाले, माझी टेकडी अजून खोदली नाहीत तुम्ही."

"फोटोवर आखून झाली ती. क्रुगरव्हिल माती आहे."

हे मी बोलायला नको होतं. त्या भागातल्या टेकड्यांवरची जी नेहमीची माती, तिचं नोंदवलेलं नाव क्रुगरव्हिल होतं. शेजारच्या काउंटीच्या पाहणीत कधीच पडलेलं. आल्बिना काउंटरला धरून उभी राहिली.

"माझ्या बापाच्या टेकडीचं नाव क्रुगरव्हिल?"

"मातीचं, टेटा," डेल्बर्ट घाईने म्हणाला. "टेकडीचं नाही, फक्त मातीचं."

"टेकडीत मातीखेरीज काय असतं हो?"

यावर खात्याच्या पुस्तिकेत उत्तर नाही. आम्ही गिरमीट उचललं.

त्या टेकड्या वाऱ्याने आणून टाकलेल्या धुळीच्या आहेत. हजारो वर्षं वारा वाहत होता आणि धूळ बसत होती, मग तिच्यावर गवत उगवलं आणि गवताने ती वरून काळी केली. माथ्यावर हा काळा थर पातळच असणार, कारण पाऊस तो खाली नेतो. दहा इंच काळं, मग पिवळट. ही क्रुगरव्हिल. पाच वर्षांत शेकडो वेळा मी ती पाहिली होती आणि तिच्याबद्दल मला काहीही वाटेनासं झालं होतं.

आल्बिनाच्या टेकडीवर डेल्बर्टने गिरमीट फिरवलं.

"काळी," तो म्हणाला. पुन्हा फिरवलं. "काळी." पंधरा इंच, वीस इंच. "अजून काळी, बॉस." तीस इंचांवर त्याने टोपी मागे सरकवली. तेहेतीस इंचांवर पहिल्यांदा पिवळं दिसलं. त्याने एक चिमूट काळी माती जिभेवर ठेवली. आम्ही लोक माती चाखतो. वाळू दाताला लागते, चिकणमाती चिकटते, बारीक गाळ नुसता विरघळतो. डेल्बर्टने डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. गवत वाऱ्यावर एका अंगाला झुकत होतं आणि परत येत होतं.

"काय?" मी विचारलं.

"लोणी," तो म्हणाला.

"वेगळी आहे ना?" आल्बिनाने विचारलं.

"वेगळी आहे."

"क्रुगरव्हिलपेक्षा?"

"क्रुगरव्हिल दहा इंचांत संपते, मिसेस वोंद्रा."

"ते मला लहानपणापासून माहीत आहे," ती म्हणाली आणि डम्पलिंग उकळत ठेवायला गेली.

आम्ही खड्डा खणला. मातीचं वर्णन लिहायचं तर माणूस उभा मावेल असा खड्डा लागतो. त्याची एक भिंत सुरीने टोचून टोचून ताजी करायची, ओलं ढेकूळ रंगांच्या वहीतल्या चौकोनांशी लावून रंगाचा आकडा टिपायचा, मुळं मोजायची. भिंत इतकी देखणी निघाली की मी लिहायचं सोडून खड्ड्याच्या तळाशी आडवा झालो. खाली थंड, वर ऊन. आकाशाचा एक आयताकृती तुकडा, आणि त्याच्या चारी कडांनी डोकावणारं गवत. काळ्या भिंतीतून गवताची मुळं केसांसारखी लोंबत होती. मला वाटलं, टेकडी झोपली आहे आणि मी तिच्या कुशीत नाही, तर तिच्या स्वप्नात पडलो आहे. तिथे माझं काम एवढंच की हलायचं नाही. मग मला खरोखरच झोप लागली. अहवालात मी लिहिलं: निरीक्षणाचा कालावधी, तीन तास.

नवी माती मान्य व्हायला दोन गोष्टी लागतात. एक नमुन्याचा खड्डा, आणि निदान दोन हजार एकर तशी जमीन. खड्डा झाला होता, एकर शोधायचे होते.

नियम असा की फोटोवर डोळे मिटून ठिपके द्यायचे आणि ठिपका जिथे पडेल तिथे जाऊन गिरमीट घालायचं. लिपोव्यात तो नियम चालेना. लुमीर पेखा, आल्बिनाचा शेजारी, पासष्टीचा लठ्ठ विधुर, कुंपणापाशीच आम्हाला गाठायचा. "तिकडून नका जाऊ, बैल सुटा आहे." बैल गोठ्यात रवंथ करताना मला दिसत होता. "इथे घाला. इथे सावली आहे, आणि डुकराचं मांस भाजलंय." आम्ही तिथे घालायचो. तीस इंच काळी. पुढच्या शेतात म्हातारी होरकी वाट बघत असायची. "माथ्यावर या, वारा छान लागतो, खसखशीची पोळी आणलीय." बत्तीस इंच. आम्ही जिथे जेवलो तिथे खणलं आणि जिथे खणलं तिथे सोनं निघालं. मधली जमीन बघायची राहिली, पण मधल्या जमिनीवर कुणी बोलावलं नव्हतं.

मग संध्याकाळी काउंटरवर बसून हद्दी आखायच्या. भिंगात टेकड्या वर यायच्या, पेन्सिल टेकायची आणि ती आपोआप दक्षिणेकडे चालू लागायची. एका माथ्यावरून दुसऱ्या माथ्यावर, मधली घळ ओलांडून, अगदी सहज. ऑगस्टच्या मध्यावर आमच्याकडे दोन हजार एकशे एकर लिपोवा पोयटा जमा झाला होता. पोयटा म्हणजे हीच ती मऊ, भुसभुशीत, पिकाला मानवणारी माती. डेल्बर्टने कागदावर नाव सुवाच्य अक्षरात लिहिलं. आल्बिनाने ते आठ दिवस काउंटरमागे टांगून ठेवलं आणि येणाऱ्याला दाखवलं. आलं कुणी नाही, पण ती रोज तयार असायची.

"हे पुसत नाहीत ना?" तिने मला एकदा विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"नक्की? पोस्टही जाणार नाही म्हणत होते. साहेब स्वतः आला होता सांगायला. त्यालाही मी कोलाच वाढले होते."

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात मी खड्ड्याची भिंत पुन्हा साफ करत होतो. बावीस इंचांवर सुरी टणकन वाजली. दगड त्या मुलखात नाहीत. मी बोटाने उकरलं, तर लोखंडी बक्कल निघालं. गंजलेलं, चामड्याचा तुकडा अजून त्यात अडकलेला.

डेल्बर्ट वरून वाकून बघत होता.

"घुशीने नेलं असेल खाली," मी म्हणालो.

"पट्टा बांधलेली घूस, बॉस?"

"नेब्रास्कात घुशी मोठ्या असतात."

त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला. "मला चष्मा बदलायचाय," मग म्हणाला. "हल्ली बावीस इंचांखालचं दिसत नाही."

निसर्गाने केलेल्या मातीत बक्कल नसतं. हे कळायला विद्यापीठात जावं लागत नाही, मी मात्र गेलो होतो. मी बक्कल कोटाच्या खिशात घातलं आणि त्या दिवसापासून तो कोट घालून फिरू लागलो. ऑगस्टात नेब्रास्कात कोट घालणारा माणूस लोकांच्या लक्षात येतो. कुणी काही विचारलं नाही.

ऑक्टोबरात राजधानीहून डॉ. एम्मेट स्ट्राउड आला. त्याचं काम मेळ घालण्याचं: आम्हाला जी माती नवी वाटते ती खरोखर नवी आहे, की शेजारी दुसऱ्या नावाने आधीच नांदते आहे, हे तो ठरवायचा. राज्यभरात त्याने एकोणीस नवजात मातींना मूठमाती दिली होती. गळ्यात बो-टाय, बुटांना पॉलिश. सगळं लिपोवा रविवारच्या कपड्यांत खड्ड्याभोवती उभं होतं. आल्बिनाने कॉफीची किटली आणि कोलाचचं ताट गवतावर मांडलं होतं. तिच्या कोटाच्या खिशातून एकोणीसशे सदतीस सालचा रस्त्यांचा नकाशा डोकावत होता. त्यात लिपोवा होतं, टपोऱ्या अक्षरात.

स्ट्राउड शिडीने उतरला. भिंतीवर पाणी शिंपडलं, ढेकूळ काढलं, रंगांची वही उघडली.

"दोन-एक," तो म्हणाला. त्या वहीत दोन-एक म्हणजे जवळजवळ काळा. खाली सरकला. "दोन-एक." अजून खाली. "दोन-एक. तेहेतीस इंच दोन-एक, माथ्यावर."

मग त्याने हॅट काढली. भिंतीवर तळहात टेकवला, जसा आपण घोड्याच्या मानेवर टेकवतो, आणि तो तसाच राहिला. दुपार होती. दूर कुठेतरी मका काढणीचं यंत्र चाललं होतं आणि त्याचा आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. गवताचं बी हवेत तरंगत होतं. स्ट्राउड हळूच खड्ड्याच्या तळाशी बसला, पॉलिश केलेल्या बुटांसकट. मला त्याचं पुढचं माहीत होतं. मीही तिथे तीन तास काढले होते.

"बत्तीस वर्षं," तो खालून म्हणाला, कुणाला ते कळलं नाही. "बत्तीस वर्षांत मी हे पाहिलं नाही."

स्ट्राउडने फॉर्म मागितला. मी दिला. त्याने भराभर रकाने भरले आणि शेवटच्या रकान्यापाशी आला, तो नेहमीचाच.

"या जागी माणसाने काही फेरफार?"

"नोंद नाही," मी म्हणालो. बक्कल खिशात एखाद्या विळ्याएवढं जड झालं होतं.

"तुम्हाला नाही विचारलं, टर्नी. जमीन कुणाची?"

"माझी," आल्बिना म्हणाली.

"बाई, ही टेकडी कधी सपाट केली होती? भर घातली होती?"

"टेटा, कॉफी निवतेय," लुमीर पेखा म्हणाला.

"निवू दे."

"टेटा, साहेबांना कोलाच तरी..."

एक शब्द पुरला असता. 'नाही' म्हणाली असती तर फॉर्मवर सही झाली असती, आणि लिपोवा राज्याच्या मातींच्या यादीत गेलं असतं. तिने तोंड उघडलंही होतं. पण स्ट्राउड खूश होता, आणि खूश माणसं एक वाक्य जास्त बोलतात.

"नसणारच म्हणा," तो म्हणाला. "असं काही माणसाच्या हातून होत नाही. हे सगळं आपोआप झालंय, हाच तर चमत्कार."

आल्बिनाने तोंड मिटलं. मग पुन्हा उघडलं.

"आपोआप?"

"म्हणजे निसर्गतः."

"आपोआप काय होतं हो? आपोआप क्रुगरव्हिल होतं. जा, बघून या त्यांच्या टेकड्या, टक्कल पडलंय नुसतं. पाऊस खाली नेतो, ते बघत बसतात, आणि मग बँकेत जातात." ती खड्ड्याच्या अगदी कडेला आली. "ही माझ्या आईने आणलीय. आईने, आजीने, ह्या लुमीरच्या आईने. आणि मी."

मग तिने सगळं सांगितलं. त्यांची माणसं जुन्या देशात डोंगरउतारावर द्राक्षं लावायची, आणि पावसाने खाली गेलेली माती दर वर्षी पाठीवरच्या टोपल्यांतून वर न्यायची. इथे द्राक्षं जगली नाहीत, पण टोपल्या होत्या. मग ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासात, रोज माणशी दहा टोपल्या, घळीतून माथ्यावर. अठराशे चौऱ्याऐंशीपासून एकोणीसशे चौतीसपर्यंत. मग दुष्काळाची, धुळीच्या वादळांची वर्षं आली आणि तरणी माणसं निघून गेली. पाद्री म्हणायचा, पाप फिटतं. "कसलं पाप," आल्बिना म्हणाली. "आमच्याकडे पाप करायला वेळ कुणाला होता? कोबी चांगला यायचा म्हणून न्यायचो."

लुमीरने स्वतःच एक कोलाच उचलून तोंडात कोंबला, बहुधा दुसरं काही करण्यासारखं नव्हतं म्हणून.

"किती जागी?" स्ट्राउडने हळूच विचारलं.

"ज्याच्या त्याच्या माथ्यावर. नऊ घरं, घरटी एक एकर."

"नऊ एकर." त्याने माझ्या नकाशाकडे बघितलं, ज्यात दोन हजार एकशे एकर होते. तो काही बोलला नाही. याबद्दल मी त्याचा अजून ऋणी आहे.

मी खिशातून बक्कल काढलं आणि आल्बिनाला दिलं. तिने ते पदरासारख्या ओढलेल्या शालीच्या टोकाने पुसलं.

"आईच्या टोपलीचं आहे. एकोणीसशे अठरा सालात पट्टा तुटला होता. तीन दिवस शोधलं आम्ही." मग माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला कधी सापडलं?"

"ऑगस्टात."

"म्हणजे ऑगस्टापासून तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आणि गप्प बसलात."

"हो."

"मूर्ख आहात," ती म्हणाली आणि मला कॉफी ओतून दिली. बाकी कुणाला दिली नाही.

स्ट्राउड हे सगळं ऐकत होता, पण त्या वेळी रंगांच्या वहीत त्याला काहीतरी अतिशय महत्त्वाचं दिसत असावं. जरा वेळाने तो शिडी चढून वर आला, हॅट हातातच होती.

"बाई, ही माती नवी आहे. पण नऊ एकरांना नाव देता येत नाही."

"किती लागतात?"

"दोन हजार."

आल्बिनाने जमलेल्यांकडे एक नजर टाकली, डोकी मोजल्यासारखी. "अकरा जण आहोत. किती वर्षं लागतील?"

डेल्बर्टने फॉर्मच्या पाठीवर हिशेब मांडला. तो मन लावून करत होता. त्यालाही ते जाणून घ्यायचं होतं.

"चाळीस हजार, टेटा," तो म्हणाला. "पण उपासापुरती वाहिली तर. वर्षभर वाहिली तर साडेचार हजारांत आटपेल."

"क्रुगरव्हिलवाल्यांना मदतीला घेतलं तर?" लुमीरने विचारलं.

"त्यापेक्षा चाळीस हजार बरी," आल्बिना म्हणाली.

खड्डा हिवाळाभर उघडा राहिला. बाजूला रचलेला मातीचा ढीग बर्फ वितळताना घळीत वाहून गेला, आणि मार्चमध्ये खड्डा बुजवायला माती नव्हती. एके शनिवारी सकाळी मी काउंटरवर भिंगांत डोळे घालून बसलो होतो. टेकड्या वर आल्या होत्या. डोकं वर काढलं, तर खिडकीबाहेरच्या टेकडीवर माणसं चढताना दिसली. एकामागे एक, वाकलेली, पाठीवर टोपल्या. धुकं होतं, त्यामुळे माणसं मध्येच दिसायची आणि मध्येच नुसत्या टोपल्या चढत जायच्या. मी डोळे चोळले. मग मोजली, अकरा होती.

डेल्बर्ट आधीच उठून कोट चढवत होता.

आम्हालाही टोपल्या मिळाल्या. आल्बिनाची सगळ्यांत पुढे होती, पट्ट्याला ते बक्कल. लुमीर दर खेपेला म्हणायचा की हे पाप आपलं नाही, दुसऱ्या कुणाचं तरी आहे. ओली माती पाठीला गार लागायची, घाम येईपर्यंत. मग गार आणि गरम यांतलं अंतर कळेनासं व्हायचं, आणि टेकडी आपल्याला चढते आहे की आपण टेकडीला, तेही. डेल्बर्टने बावीस टोपल्या नेल्या. शेवटची ओतल्यावर त्याने चिमूटभर माती तोंडात टाकली, डोळे मिटले, आणि एप्रिलमध्ये निवृत्त झाला.

काउंटीच्या मातीचं पुस्तक अकरा वर्षांनी छापून आलं. माती तेवीसऐवजी बावीसच होत्या. क्रुगरव्हिलच्या वर्णनात मी एक वाक्य घातलं होतं: या मातीच्या हद्दीत लिपोवा गावाजवळ काही लहान तुकड्यांत काळा थर तेहेतीस इंचांपर्यंत आढळतो. छपाईआधी कुणा संपादकाने चालू नकाशा काढून पाहिला, त्यात असं गाव मिळालं नाही, म्हणून त्याने वाक्य सुधारलं. आता ते असं आहे: क्रुगरव्हिलच्या ईशान्येस चार मैलांवर काही लहान तुकड्यांत.

पुस्तक मोफत होतं. एक प्रत मी आल्बिनाला टपालाने पाठवली. लिपोव्याचं पोस्ट बंद झाल्यापासून तिचा पत्ता होता: रूट दोन, क्रुगरव्हिल.